नव्वद अंशांची खरेदी

रंधा घेताना गिऱ्हाईक पात्यावरून हलकेच अंगठा फिरवतं, करवतीचे दात निरखतं. गुण्या, म्हणजे दांडा आणि पातं काटकोनात जोडलेलं कोन तपासायचं साधन, मात्र तसाच पिशवीत जातो. बाकीचं सगळं काम ज्याच्या साक्षीवर तपासायचं, त्याची उलटतपासणी कुणीच घेत नाही.

गुण्याच्या १५० मिमी पात्याच्या टोकाला ०.१ मिमीची चूक नजरेला दिसत नाही. पण त्याच गुण्याने करवतयंत्राचं पातं जुळवलं, तर ६०० मिमीच्या कापात ती ०.४ मिमी होते आणि आठ फुटी प्लायच्या लांबीला जवळजवळ १.६ मिमी. ड्रॉवरच्या चारही कोपऱ्यांत ती एकाच बाजूला झुकली, की शेवटचा जोड बसता बसत नाही. मग फेव्हिकॉल आणि शिकंजा यांच्या जोरावर वेळ मारून न्यायची.

परीक्षा सोपी आहे. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) सरळ कडेला गुण्याचा दांडा घट्ट टेकवून पात्यालगत धारदार सुरीने रेघ ओढा. गुण्या उलटा फिरवून, कडेवरच्या त्याच बिंदूतून दुसरी रेघ. टोकाशी दोन रेघांत जे अंतर पडेल, त्याच्या निम्मी चूक. पेन्सिल नको, तिची अर्ध्या मिमीची जाड रेघच चूक गिळून टाकते. आणि आधी कडेला स्टीलची पट्टी लावून उजेडात बघा, कारण फुगीर कडेवर खरा गुण्याही खोटा ठरतो. आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी तपासायची. लाकडी दांड्याच्या गुण्याची बाहेरची बाजू तर जरा संशयानेच पाहावी.

डीआयएन ८७५ या जर्मन मानकात १५० मिमीच्या गुण्याला ० दर्जात ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), १ मध्ये सुमारे १८ आणि २ मध्ये ३५ मायक्रॉन इतकी सूट आहे. सुतारकामाला दर्जा २ रग्गड झाला. पावसाळ्यात सागाची रुंद फळी एखादा मिलिमीटर सहज फुगते. तिच्यापुढे ८ मायक्रॉनची काय मातब्बरी! यंत्रं जुळवायला मात्र दर्जा १ चा एक गुण्या वेगळा, तेलाचा हात फिरवून, डब्यात ठेवावा.

कॉम्बिनेशन स्क्वेअर या गुण्याची गंमत निराळी. त्याची पट्टी सरकते, म्हणून खाचेत भुसा अडकला की कोन बिघडतो. स्क्रू आवळल्यावर, पट्टीच्या दोन-तीन जागी तपासावा. विकत घेताना स्क्रू आवळूनही पट्टी डुलत असेल, तर तो दुकानातच राहू द्या.

मोठा पत्र्याचा एल आकाराचा गुण्या पडून बिघडला, तर दुरुस्त होतो. कोन कमी झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ सेंटर पंचाने (टोकदार पोलादी खिळ्याने) हलका ठोका द्या. तिथला धातू पसरतो आणि कोन उघडतो. जास्त झाला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. एकेक ठोका, दर ठोक्यानंतर तपासणी. इंजिनिअर्स स्क्वेअर, म्हणजे यंत्रकामाच्या जाड पोलादी गुण्यावर हा उद्योग करू नये. तो ग्राइंडिंगवाल्याकडे न्यावा.