गुरुवारची घंटा

गुरुवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा. रात्रीचे पावणेबारा.

दुकानाचं शटर आज सव्वासातलाच ओढलं. दर गुरुवारी ओढते. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालंय, "ताई, आज तुमची रोटरी ना?" म्हणत बीपीच्या गोळ्या दुपारीच घेऊन जातात. या समाजसेवी क्लबात येऊन नऊ वर्षं झाली, पण आजच्यासारखं जड मनानं कधी गेले नव्हते. अजेंड्यावर तिसरा विषय होता: सभा दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा घ्यावी की कसं.

हॉलवर पोचले तर अण्णा आधीच आलेले. वय ७८. क्लबाचे सार्जंट-ॲट-आर्म्स, म्हणजे मांडामांड आणि शिस्त यांच्याकडे. बॅनर खिळ्यांना अडकवून झाला होता आणि ते टेबलावरची पितळी घंटा धोतराच्या सोग्यानं पुसत होते. घंटेच्या कडेला एक पोचा आहे. कुठल्याशा सालच्या पदग्रहणात ती पडली होती म्हणे. त्या पोच्याजवळ डाग साठतो, म्हणून अण्णा तिथे नख लावून पुसतात. दर आठवड्याला. मी गुपचूप खुर्च्या सरळ करायला लागले.

३४ सभासदांपैकी २१ हजर. साडेसातला घंटा, राष्ट्रगीत, मग काही बोलण्या-करण्याआधी स्वतःला विचारायच्या चार प्रश्नांची रोटरीची कसोटी सगळ्यांनी मिळून म्हटली. 'हे सत्य आहे का?' इथून सुरू होते ती. १९३२ साली शिकागोत हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थानं बुडीत निघालेली कंपनी सावरताना स्वतःच्या माणसांसाठी ती लिहिली. रोज दुकानात बसणाऱ्या माझ्यासारखीला ती म्हणताना अजूनही आत काहीतरी हलतं. एखाद्याला स्वस्तातली जेनेरिक गोळी आहे हे सांगायचं की नाही, हा प्रश्न मला आठवड्यातून दहादा पडतो.

मग हॅपी बॉक्स फिरला, म्हणजे आनंदाची बातमी सांगत पैसे टाकायचा डबा. कुणाच्या मुलीला बारावीला चांगले मार्क पडले, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. सीए साहेब उशिरा आले होते. त्यांनी पन्नासाची नोट टाकली आणि म्हणाले, "आनंद नाही, उशिराचा दंड समजा." त्यांच्या ऑफिसातल्या शिपायाची मुलगी सात वर्षांची, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पेशंट. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बाप दोन दिवस पिशवीसाठी वणवण करत होता, आज संध्याकाळी कशीबशी मिळाली. त्याला सोडून मग हे सभेला आले.

एवढंच. बॉक्स पुढे सरकलाही असता. पण आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी हात वर केला आणि पुढची वीस मिनिटं अजेंडा बाजूलाच राहिला.

डॉक्टर म्हणाले ते मी दुकानात बसून दरवर्षी पाहते. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, ऊन रणरणतं, त्यामुळे शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीतला साठा तळाला जातो. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत द्यायचं, बदल्यात रक्तदाता मागायचा नाही, असं धोरण आहे. पण फ्रिजमध्ये पिशवीच नसेल तर धोरण काय कामाचं? रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. जानेवारीत एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पाचशे जणांनी रांग लावून रक्त दिलं, तरी मेमध्ये या पोरीच्या वाट्याला त्यातला थेंबही येत नाही. तिला थोडं थोडं पण न चुकता देणारी माणसं लागतात.

अजेंड्याच्या कागदाच्या पाठीवर मी नावं लिहायला घेतली. दर तीन आठवड्यांनी दोघांनी जायचं. दहा जण झाले की एकेकाची पाळी पंधरा आठवड्यांनी येते. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं, आम्हा बायकांना चार, म्हणून आम्हा तिघींची नावं राखीव. गट कुठलाही चालेल, पेढीतली फळी भरलेली राहिली की तिच्या गटाची पिशवी तिला मिळेल, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दहा नावं व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवटी अण्णा उठले. "मला ६५ नंतर कोणी सुई लावत नाही. फोन करायचं काम माझं." आणि वही काढून सगळे नंबर लिहून घेतले, एकेक आकडा परत म्हणून.

या नादात तिसऱ्या विषयाला नऊ वाजत आले.

तरुण सभासदांचं म्हणणं खोटं नाही. आर्किटेक्ट मुलगा पोटतिडकीनं बोलला: घरी लहान बाळ, साइट चाळीस किलोमीटरवर, दर गुरुवार निघत नाही. २०१६ पासून रोटरीनंच क्लबांना मोकळीक दिली आहे, महिन्यात दोन सभा झाल्या तरी पुरे. पूर्वी हजेरी फार कडक होती. आपली सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात बसून 'मेक-अप' करून यायचं. मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेले अण्णा तिथल्या एका क्लबात बसून आले होते. तेवढं आज कुणाकडून मागता येणार नाही, हे मलाही कळतं.

वर्कशॉपवाले काका कधी भाषण करत नाहीत. ते उठून बॅनरपाशी गेले आणि त्यावरच्या रोटरीच्या चिन्हातल्या चाकावर बोट ठेवलं. "चोवीस दाते, सहा आरे सगळ्यांना दिसतात. मधली ही चौकोनी खाच कुणी बघितली का? याला की-वे म्हणतात. जुन्या चित्रात ती नव्हती, मागाहून घातली. खाचेत चावी बसली तरच चाक शाफ्टला धरतं. नाहीतर चाक नुसतं फिरतं, ताकद पुढे जात नाही. माझ्या मते गुरुवार म्हणजे ही खाच आहे." आणि येऊन बसले.

मीही बोलले. त्या मुलीची गोष्ट व्हॉट्सॲपवर आली असती का, एवढंच विचारलं. सीए साहेबांनी ती मांडायची म्हणून मांडली नव्हती, उशीर का झाला ते सांगताना ती तोंडून निघाली. आठवड्याभरात माणसाच्या आयुष्यात काय काय होतं, ते समोर बसल्यावर असंच निघतं. माझे यजमान गेले तेव्हा दुसऱ्या गुरुवारी मी नव्हते, तर रात्री नऊला पाच जण दारात उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीनं बोलावलं होतं. हे सांगताना आवाज फुटला माझा, पण सांगितलं.

मतदान झालं. पंधरवड्याच्या बाजूनं १२, विरुद्ध ९. एक जुलैपासून, नव्या रोटरी वर्षापासून लागू. वाईट वाटलं, फार वाटलं. पण मत सगळ्यांनी समोरासमोर दिलं, त्यामुळे मनात अढी नाही.

खाली जिन्यात काका थांबले होते. म्हणाले, "ताई, उरलेल्या गुरुवारी वर्कशॉपवर या. खुर्च्या नाहीत, स्टुलं आहेत. चहा माझा." अण्णांचा चेहरा खुलला. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे सोबती असेच पाळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमायचे, त्यावरूनच रोटरी हे नाव पडलं, असं ते जिना उतरता उतरता सांगत होते. आम्ही सहा जण तयार आहोत. आर्किटेक्ट मुलगाही म्हणाला, जमेल तेव्हा येतो.

घरी येऊन जेवले. गेल्या वेळी माझं हिमोग्लोबिन ११.८ भरलं म्हणून पेढीतून परत पाठवलं होतं, १२.५ लागतं. तेव्हापासून गोळी आणि नाचणीची भाकरी सुरू आहे. उद्या दुपारी पुन्हा तपासून घेते, राखीव नाव खरोखर उपयोगी पडायला हवं.

हे लिहिताना अण्णांचा फोन येऊन गेला. एवढ्या रात्री! शनिवारी सकाळी दहाला पहिले दोघं जाणार, दोघांशीही बोलणं झालंय.