तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’च का?

दीर विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आता मुलगीही विचारायला लागली आहे. “डायर स्ट्रेट्स हा ब्रिटिश रॉक बँडच ऐकायचा तर त्यांचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ लाव ना. हा पडेल अल्बम कशाला?” एकदाच सांगते.

पडेल नव्हता. सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. सहा वर्षं आधीच्या ‘ब्रदर्स’च्या कोट्यवधी प्रती खपल्या होत्या, त्या मापाने कुणीही उणंच ठरलं असतं. ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’ हा बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. त्यातलं ‘माय पार्टीज’ आजही मी पुढे ढकलते, आणि ‘हेवी फ्युएल’ ही त्यांच्याच जुन्या ‘मनी फॉर नथिंग’ची उजळणी वाटते, हे कबूल. पण ‘आयर्न हँड’ ऐकलंत? १९८४ च्या ब्रिटनमधल्या संपात ऑर्ग्रीव्हला खाणकामगारांवर घोडेस्वार पोलीस घातले, त्यावरचं तीनच मिनिटांचं गाणं. इतकी चीड, आणि आवाज कुठेही चढत नाही.

हे सगळं खरं असलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

१९९२ चा पावसाळा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालायची. गॅदरिंग जवळ आलं होतं. मी गायचे. आमचा गिटारवाला अबोल होता; बँडचा गिटारवादक-गायक मार्क नॉफ्लर याच्यासारखं, तारा छेडायची पट्टी (पिक) न घेता नुसत्या बोटांनी वाजवता यावं म्हणून वर्षभर झटला होता. त्या संध्याकाळी तो कॅम्पातून ही कॅसेट घेऊन भिजत आला आणि म्हणाला, “टायटल साँग करूया.” हरवलेल्या माणसाला रस्त्यारस्त्यावर शोधणाऱ्याचं गाणं. आम्ही ऐकलं. संथ, सॅक्सोफोन, पुटपुटल्यासारखा आवाज. शब्द संपले तसा मी खटकन टेप बंद केला.

“हे रडगाणं गॅदरिंगला कोण ऐकणार? आपण त्यांचं गाजलेलं ‘सुलतान्स ऑफ स्विंग’च करायचं.”

“अजून आहे पुढे,” तो म्हणाला.

“शब्द तर संपले,” मी म्हणाले. बाकीचे हसले. त्याने पुन्हा टेप लावला नाही. गिटार कव्हरमध्ये घातली, चेन लावली, छत्री घेतली आणि जिना उतरला. कॅसेट तिथेच राहिली. पुढच्या प्रॅक्टिसला तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही ‘सुलतान्स’ दुसऱ्याला घेऊन कसंबसं केलं. टाळ्या पडल्या.

त्याच ऑगस्टमध्ये या अल्बमवर ड्रम्स वाजवणारा जेफ पोर्कारो वयाच्या ३८ व्या वर्षी गेला. आम्हाला पत्ताही नव्हता.

लॉकडाउनमध्ये माळा आवरताना कॅसेट सापडली. वाजवायला काही नव्हतं, म्हणून फोनवर ऐकलं. शब्द संपल्यावर गिटारचा एक छोटासा आकार सुरू होतो, पुन्हा पुन्हा तोच, खालून ड्रम्स येतात, मागे पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, आणि ते शोधणं दोन मिनिटं शब्दांवाचून चालूच राहतं. ओट्याशी भांडी तशीच ठेवून मी उभी राहिले. गाणं खरं तिथून पुढे आहे. त्याला तेच वाजवायचं होतं.

तेव्हाच्या मला मी बोल लावते आणि ती उलट सांगते: गॅदरिंगला ते पडलंच असतं. असतंही. पण माझं काम ते ठरवण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं.

गेल्या वर्षी कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात, लग्नात, तो भेटला. धीर करून सगळं सांगितलं. त्याला ती संध्याकाळ आठवेचना. म्हणाला, “अगं, तेव्हा बाबांना पॅरालिसिस झाला होता. मी भोसरीला कामाला लागलो.” वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल, किंवा खरंच तसं असेल. खरंच तसं असेल तर मी एवढी वर्षं नेमकं कशाचं ओझं वाहिलं, ते मला कळत नाही. गिटार वाजवतोस का, हे विचारायचं राहिलं.

हा अल्बम मला आवडतो की मी त्याचं देणं लागते, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. त्या दिवशी कॅसेट पर्समध्ये होती. त्याने मागितली नाही, मी काढली नाही.