गोव्याच्या जनमत कौलावरचं आमचं नाटक: तिसऱ्या खर्ड्यापर्यंत

मागच्या नोंदीत दुसऱ्या खर्ड्यापाशी थांबलो होतो. आता तिसरा लिहून झालाय, फक्त शेवटचा प्रवेश बाकी आहे. घड्याळ लावून वाचलं तेव्हा पहिला अंक 52 मिनिटांचा झाला आणि दुसरा 47 मिनिटांचा. जत्रेच्या नाटकासाठी हे थोडं कमीच, पण पाणी घालून लांबवणार नाही.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दत्ता आणि रामनाथ हे फोंड्याकडचे दोन जिवलग मित्र. 1966 चा डिसेंबर. गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी 3 तारखेला राजीनामा दिलाय, राष्ट्रपती राजवट आहे आणि 16 जानेवारी 1967 ला कौल होणार आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. दत्ता फुलाचा कार्यकर्ता. रामनाथ पणजीच्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, आणि तो दोन पानांचा. एका रात्री रामनाथ पत्रकांचा गठ्ठा घेऊन शेवटच्या फेरीबोटीने मांडवीपलीकडच्या बेतीला उतरतो. धक्क्यावर काही मुलं वाट बघत असतात. पत्रकं मांडवीत जातात आणि रामनाथचा हात मोडतो. तो कुठल्या फेरीने येणार हे त्या मुलांना दत्तानेच सांगितलेलं असतं.

पहिल्या खर्ड्यात हे मी शेवटपर्यंत लपवून ठेवलं होतं. थ्रिलर म्हणजे रहस्य, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आमच्या घरच्या सोप्यावर वाचन झालं आणि विसाव्या मिनिटाला सगळ्यांना कळलं की फितूर दत्ताच. पुढचा तासभर लोक सभ्यपणे बसून राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या खर्ड्यात संशय तिसऱ्यावर ढकलायला एक खोटं पात्र घातलं, तेही कृत्रिम वाटलं. आता तिसऱ्यात दुसऱ्याच प्रवेशात प्रेक्षकांसमोर दत्ता आपली फितुरी बोलून मोकळा होतो. कळत नाही ते एकट्या रामनाथला. आणि नाटक एकदम ताणलं गेलं! दत्ता डबा घेऊन त्याच्या घरी जातो, रामनाथ प्लास्टरमधल्या हाताने त्याला पाट सरकवतो, इतका साधा प्रसंगसुद्धा आता बघवत नाही. प्रेक्षकांनी ‘कोणी केलं’ यात अडकू नये, ‘हा आता सांगेल का’ म्हणून जीव मुठीत धरून बसावं. राजकीय नाटक लिहिणाऱ्या सगळ्यांना माझा हाच आग्रह राहील.

अपराधाची भावना रडून दाखवायची नाही, हेही या खर्ड्यात ठरलं. दत्ता एकोणीस वर्षं फक्त मदत करतो. रामनाथला दुकान घालून देतो, मुलीची फी भरतो. रामनाथ चारचौघांत त्याचे आभार मानतो, आणि प्रत्येक आभारानिशी दत्ता थोडा आणखी वाकतो. स्वगतं सगळी काढून टाकली. एकूण सहा पानं गेली.

आता तपशिलांच्या चुका, कारण त्या मी जिव्हाळ्याने शोधतो. पहिल्या खर्ड्यात दत्ता एकोणीस वर्षांचा होता. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं, म्हणजे तो मतच देऊ शकला नसता. आता दोघेही बावीसचे आहेत. दुसरी चूक मोठी. मी रामनाथचा डावा हात मोडला होता. छापखान्यात आयुष्य काढलेल्या एका आजोबांना भेटलो, त्यांनी हवेतच जुळणी करून दाखवली: डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताची बोटं खणाखणातून खिळा उचलतात आणि डावा अंगठा ओळ धरून ठेवतो. अक्षरं उलटी, तरी ते डोळे मिटून करत होते. बोटं गेली की जुळारी संपला, असं ते म्हणाले. आता उजवा हात, आणि तोही बोटांपाशी. रामनाथ करणाऱ्या नटाने ती हालचाल आजोबांकडून तीन दिवस शिकून घेतली. दुसऱ्या अंकात दुकानात बसल्या बसल्या त्याची दोन बोटं आपोआप काहीतरी उचलत राहतात. हे मी लिहिलेलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं.

दुसरा अंक मी 1986 च्या जुलैत नेला, आणि ती जागा सापडली तेव्हा फार आनंद झाला. 1967 साली मांडवीवर पूल नव्हता, पणजीहून बेतीला जायचं तर फेरीबोटच. पुढे 1970 साली नेहरू पूल झाला आणि 5 जुलै 1986 ला तो कोसळला. म्हणजे एकोणीस वर्षांनी तेच दोघे, पावसात, पुन्हा त्याच धक्क्यावर फेरीची वाट बघत उभे. त्याच वर्षी राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. पुन्हा मराठी आणि कोंकणी, पुन्हा घराघरांत दोन तट. इतिहासाने एवढा प्रवेश बांधून दिल्यावर मला फक्त दोघांना उभं करायचं होतं. नेपथ्यही सोपं झालं. दोन बाक, एक लोखंडी साखळी, इंजिनाचा आवाज. दोन्ही अंकांना तेच.

भाषेचा प्रश्न सगळ्यात जास्त छळत होता. आपल्याकडे घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी. पण मराठीला आक्षेप घेणाऱ्या माणसाचे संवाद मराठीत कसे लिहायचे? उत्तर कौलाच्या काळातच मिळालं. विलीनीकरणाला विरोध करणारं मडगावचं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच होतं, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच यायचं. वेगळं राहण्याची लढाईसुद्धा मराठीतून लढली गेली. म्हणजे रामनाथने जुळवलेली पत्रकं मराठीतच असणार, आणि नाटकही बिनधास्त मराठीत चालू शकतं. कौलाचे आकडेही त्याच्याच तोंडी दिलेत. दोन पानं 1,72,191, फूल 1,38,170. फरक 34,021. दत्ता हरलेला, रामनाथ जिंकलेला, आणि जिंकलेल्याचा हात गळ्यात.

संपूर्ण नाटकात कोंकणी फक्त एकदा येते. फेरी नदीच्या मध्यावर असताना, मराठीसाठी आयुष्य वेचलेला दत्ता म्हणतो, ‘रामनाथा, हांवें सांगलें.’ मी सांगितलं. एवढंच. वाचनात इथे शांतता पडली ती बराच वेळ हलली नाही.

पण इथे पडदा पाडला तर दत्ता स्वस्तात सुटतो. अंधारात, फेरीवर, घरच्या भाषेत एका माणसाला सांगितलं, त्यात त्याचं काय गेलं? रामनाथ माफ करत नाही, हातही उगारत नाही. उद्या दत्ताची मराठी राजभाषेची सभा आहे. तिथे माइकवर सांग, मराठीत सांग, एवढंच तो म्हणतो. सांगितलं तर उमेदवारी गेली, माणसं गेली. काहींनी सुचवलं की दत्ता माइकपाशी जातो आणि अंधार करायचा. मला ते पटत नाही. त्याने सांगितलं पाहिजे आणि ते प्रेक्षकांनी शब्दन् शब्द ऐकलं पाहिजे.

अडलंय ते इथेच. भाषण अकरा ओळींचं झालंय आणि त्यात सात ओळी सफाईच्या आहेत. तेव्हा वय लहान होतं, दिवस तसे होते, असं काय काय. त्या कापायला घेतल्या की दत्ता खरा वाटायला लागतो. चार ओळींवर आणायचंय.

मंगळवारी पुन्हा वाचन आहे. भाषणाचा कागद फक्त दत्ता करणाऱ्याला देणार आहे. रामनाथ करणाऱ्याने ते सोप्यावर, सगळ्यांबरोबर पहिल्यांदाच ऐकायचं.