डाळीचं पाणी नको, डाळच द्या

वर्षाचं मूल दिसेल ते तोंडात घालायला लागलं तरी बऱ्याच घरांत त्याच्या वाटीत अजून वरणावरचं पाणी, भाताची पेज नाहीतर पातळ सूपच असतं. कारण विचारलं तर पचायला हलकं. पण नऊ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम २५० मिली अन्न मावतं. तेवढी जागा पाण्याने भरली की मूल जेवल्यासारखं दिसतं आणि तासाभरात पुन्हा किरकिरतं. डाळीतली प्रथिनं आणि लोह बहुतेक खाली बसलेल्या डाळीतच राहतात, वरच्या पाण्यात फारसं काही उतरत नाही. म्हणून एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या जेवणात मी सगळ्यात आधी घट्टपणा बघते. चमचा तिरका केला तर अन्न ओघळू नये, गोळा होऊन हळूच पडावं.

मऊ खिचडी त्यासाठी सगळ्यात सोपी. ३ टेबलस्पून तांदूळ आणि २ टेबलस्पून मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. त्यात दीड कप पाणी, २ टेबलस्पून किसलेला लाल भोपळा किंवा गाजर, चिमूटभर हळद आणि हिंग घाला. एवढं कमी प्रमाण थेट कुकरमध्ये लावलं तर खाली लागतं, म्हणून कुकरात पाणी घालून आत भांडं ठेवा. चार शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. यात दोन वेळचं जेवण होतं. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल तर खिचडी आपोआप मऊ आणि चिकटसर होते. बासमती मोकळा राहतो, मुलाला तो गिळायला त्रास होतो. तांदूळ जुना असेल तर पाव कप पाणी जास्त.

डाळ कडकच राहिली तर बहुधा टोमॅटो किंवा कोकम आधीच पडलेलं असतं. आंबटाने डाळ शिजत नाही, ते नंतर घाला. पालकही शेवटी बारीक चिरून, दोन मिनिटं. खिचडी मिक्सरमधून काढू नका, पळीच्या पाठीने घोटा आणि थोडी कणी राहू द्या. वर्षानंतर चावायची सवय लागली नाही तर पुढे दोन वर्षांचं मूलही प्रत्येक फोड तोंडातून बाहेर काढतं. वाढताना एक चहाचा चमचा तूप. त्याने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. वरून लिंबाचे चार थेंब पिळा, ते चवीपुरते नसतात. क जीवनसत्त्वामुळे डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. निवल्यावर खिचडी आळते, तेव्हा ती गरम पाण्यानेच सैल करा.

रोज वेगळं रांधायची गरज नाही. आमटी, उसळ, भाजी यातलं मुलापुरतं तिखट-मीठ घालायच्या आधी बाजूला काढा. गोडा मसाला चिमूटभर चालतो. मिठाचा हात मात्र अगदी आखडता ठेवा, दिवसभराचं सगळं धरून २ ग्रॅमच्या आत, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. पापड, लोणचं, शेव, फरसाण यातूनच ते ओलांडलं जातं. मटकी किंवा मुगाची उसळ पूर्ण मऊ शिजवून बोटाने चेपून द्या. त्यात एक चमचा शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट घातलं तर चव येते आणि ताकदही. पहिल्यांदा देताना चिमूटभर द्या, अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज येते का पाहा. घरात कुणाला किंवा मुलालाच आधीपासून ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

नाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती सगळ्यांना माहीत असते आणि बरेचदा चुकीची केली जाते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतर कुठल्याही रोजच्या धान्यात इतकं नसतं. पण भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवलेल्या सत्वात कोंड्याबरोबर त्यातलं बरंच निघून जातं. त्यापेक्षा मोड आणून सगळंच दळलेलं पीठ चांगलं. अर्धा किलो नाचणी चार पाण्यांनी धुवा, खडे-वाळू तळाशी बसते. १० ते १२ तास भिजवा, पूर्ण निथळा, ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा. दीड दिवसात पांढरी टोकं दिसली की पुरे. पावसाळ्यात आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं. ती फेकून द्या, वाळवून वास जाईल अशी आशा धरू नका. सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर जेमतेम गरम करा, दळून आणा.

जास्त भाजू नका असं सांगायचं कारण आहे. मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्ट म्हणजे स्टार्च तोडतं आणि खीर सैल ठेवतं. म्हणून साध्या नाचणीचं २ टेबलस्पून पीठ जेवढ्या पाण्यात घट्ट होतं तेवढ्याच पाण्यात मोडाचं ३ टेबलस्पून बसतं. मुलाला तेवढ्याच घासांत दीडपट अन्न मिळतं. खमंग भाजलं की विकर मरतं. खीर करताना पीठ आधी पाव कप गार पाण्यात कालवा (उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्याच), त्यात पाऊण कप दूध-पाणी घालून हळूहळू तापवा, म्हणजे विकराला वेळ मिळतो, मग सात-आठ मिनिटं सतत ढवळत शिजवा. गोडीसाठी पिकलेलं केळं कुस्करा किंवा थोडी खारीक पूड. गूळ लोहासाठी म्हणून घालू नका, तो साखरेच्याच हिशेबात धरायचा.

स्वतःच्या हाताने खायला मूगडाळीचं धिरडं. अर्धी वाटी डाळ तीन तास भिजवून, निथळून, चार-पाच पालकाची पानं, जिरं आणि आल्याच्या छोट्या तुकड्याबरोबर अगदी गुळगुळीत वाटा. रवाळ राहिली तर उलटताना मोडतं. त्यात एक अंडं फेटलं तर दुपारपर्यंत मऊ राहतं. तवा मध्यमच तापू द्या, झाकण ठेवून दोन मिनिटं, उलटून एक. आच मोठी असेल तर वरून करपतं आणि आत डाळ कच्ची राहते, मग पोट दुखतं. बोटाएवढ्या पट्ट्या कापून द्या.

अंडं आणि मासे खाणाऱ्या घरांनी ते मुलापासून लांब ठेवू नयेत. अंडं पिवळ्यासकट पूर्ण घट्ट शिजवलेलं. मासा पापलेटसारखा कमी काट्यांचा घ्या. बांगड्यात बारीक काटे लपतात, तो दिलात तर प्रत्येक घास बोटांनी चाचपून.

एवढं करूनही मूल जेवत नसेल तर आधी दूध मोजा. वरचं दूध दिवसाला ५०० मिलीच्या पुढे गेलं की भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्याने रक्तही कमी होतं. चहा-बिस्किट आणि चहा-चपाती तर पूर्ण बंद, चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी. अर्ध्या तासात ताट उचला, मागे मागे फिरून भरवू नका. नवी भाजी आठ-दहा वेळा थोडीथोडी पुढे यावी लागते, दोनदा थुंकली म्हणून ती यादीतून काढू नका.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार भाग करून चालतात. मूल नेहमी बसून खाईल असं पाहा, पळताना किंवा झोपून मुळीच नाही.

प्रवासासाठी दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, वेगवेगळी हलकी भाजून, जिऱ्याबरोबर रव्याएवढी भरड काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने बुरशी येते. ४ टेबलस्पून भरड दीड कप पाण्यात १५ मिनिटांत शिजते. केलेली खिचडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, भातात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.