तुम्ही विचारलंत म्हणून : संस्थापकानं स्वतःला पगार किती लावावा?

पुण्यात छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि करांचं काम मी पाहते. कंपनीची नोंदणी झाली, खात्यात थोडे पैसे आले की संस्थापक जरा संकोचत विचारतात, "मॅडम, आम्ही स्वतःला पगार किती लावायचा?" खासगी कंपनीत संचालकाच्या पगाराला कायद्यानं कमाल मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे आकडा तुम्हालाच ठरवायचा असतो. माझं उत्तर : घर चालेल एवढा घ्या, पण घ्या.

"दोन वर्षं एक रुपयाही घेतला नाही," असं अभिमानानं सांगणारे मला भेटतात. मी विचारते, मग घर कोण चालवतं? बायकोचा पगार, वडिलांचं पेन्शन, नाहीतर जुन्या नोकरीतला पीएफ. ही पदरमोड कंपनीच्या वह्यांत कुठेच येत नाही. त्यामुळे नफा-तोटा पत्रकात फायदा दिसतो, पण उद्या तुमच्या जागी पगारी माणूस नेमला तर हा फायदा पहिल्याच महिन्यात नाहीसा होईल. कोटेशन देतानाही स्वतःच्या वेळेचे पैसे धरले जात नाहीत. गिऱ्हाइकाला त्या स्वस्त दराची सवय लागते आणि पुढे दर वाढवताना नाकी नऊ येतात. ज्या बायकोच्या पगारावर कंपनी तगली, तिचं नाव भागधारकांच्या यादीत बहुधा नसतंच. याचा मला मनापासून राग येतो.

क्रेडिट कार्डाची बिलं भरण्याच्या 'क्रेड' ॲपचे संस्थापक कुणाल शहा महिना 15 हजार पगार घेतात हे 2023 मध्ये खूप गाजलं. तेव्हापासून ते उदाहरण माझ्यापुढे वारंवार येतं. पण त्यांनी त्याआधी, 2015 मध्ये, फ्रीचार्ज ही कंपनी विकलेली होती. डोक्यावर गृहकर्ज असलेल्यानं त्यांच्या पगाराकडे बघून आपला आकडा ठरवू नये.

आकडा काढायचा तो घरखर्चावरून. भाडं किंवा हप्ता, किराणा, मुलांची फी, आई-वडिलांची औषधं, आरोग्यविम्याचा हप्ता आणि थोडी शिल्लक. जुन्या नोकरीतलं पॅकेज या हिशेबात आणू नका. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या चौकोनी कुटुंबाची बेरीज लाखाच्या आसपास सहज जाते. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही. म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर महिना 1 लाख जवळजवळ पूर्ण हातात पडतो, आणि कंपनीला तो खर्च म्हणून दाखवता येतो. मात्र एवढा पगार घेतल्यावर कंपनीच्या खात्यातले पैसे वर्षभरही पुरणार नसतील, तर आकडा खाली आणा.

दोन संस्थापकांपैकी एक सडाफटिंग आणि दुसऱ्याला दोन मुलं, असं असेल तर पगार वेगळे ठेवायला माझी हरकत नसते. शेअर त्यासाठी बदलू नयेत.

काही जण मोठा पगार वहीत लिहितात आणि "नंतर घेऊ" म्हणतात. तसं करू नका. पगार देय झाला की हातात आला नसला तरी त्यावर कर लागतो. दर महिन्याला खरोखर देता येईल तेवढाच लावा. याहून वाईट म्हणजे पगार न लावता कंपनीच्या कार्डावर घरचा किराणा भरणं, लागेल तशी उचल घेणं. कंपनीनं संचालकाला कर्ज देण्यावर कायद्यानं कडक बंधनं आहेत, आणि कंपनीत नफा साठलेला असेल तर मोठ्या भागधारकाची उचल लाभांश समजून तिच्यावर कर बसू शकतो.

आकडा ठरला की संचालक मंडळाचा ठराव करून ठेवा आणि दर एप्रिलला बेरीज नव्यानं मांडा. बाहेरचे गुंतवणूकदार असतील तर पगारवाढीला त्यांची संमती लागते का, हे करारात आधी पाहून घ्या. पुष्कळ करारांत तसं कलम असतं. सही करण्यापूर्वी त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणानं बोला. पैसे आल्यावर हा विषय काढणं फार अवघड जातं.