बाईंचं पुस्तक

गॅदरिंग म्हटलं की कोळीनृत्य, लेझीम आणि पावडरीने पांढरीफटक झालेली पोरं. मालवण तालुक्यातल्या आमच्या शाळेतही हे सगळं व्हायचं, पण थंडीत कानटोप्या घालून माणसं उशिरापर्यंत बसायची ती बाईंच्या पुस्तकासाठी.

बाई दरवर्षी एक चित्रांचं पुस्तक करायच्या. मोठमोठ्या कार्डशीटवर चित्रं आणि मागच्या बाजूला मजकूर. स्टेजवर दोघांनी पान उंच धरायचं, बाकीच्यांनी गोष्ट गायची. ही रीत त्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीवरून घेतली होती. तिथे पोथीतलं एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा गातात. आमच्याकडे वीणा कुठली, पेटी आणि ढोलकीवर भागायचं. २०२१ साली पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर आधी बाईंचीच आठवण निघाली.

त्यांच्या पुस्तकांत राजपुत्र नसायचे. गाबीत मच्छीमारांच्या वाड्यावरचा पोर, धनगरवाड्यावरची पोरगी, मोहल्ल्यातला, क्रिस्तांवांचा, सगळे एका पानावर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना दिसायचे. आपल्या वाडीचं पान आलं की त्या कोपऱ्यातून शिट्ट्या.

सगळ्यात रंगलं ते गावपळणीचं पुस्तक. आमच्याच तालुक्यातल्या आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर. गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट, आणि हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळेच. बाईंनी झावळ्यांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, चांदण्यात फुगड्या घालणाऱ्या बायका, सगळं झकास रंगवलं होतं. गाव सुना दाखवणारं पान आलं. बंद दारं, रिकामा गोठा आणि एका अंगणात एकटा कोंबडा. बाईंना वाटलं असणार, कोंबड्याने चित्राला शोभा येईल. पण पुढच्या रांगेतली एक आजी उठलीच.

"बाईनू, ह्यो कोंबो हंय कसो? गावपळणीक कोंबो घराक कोण ठेवता?"

मंडपात हशा. आम्ही पान धरून तसेच उभे, हात भरून आलेले. बाईंनी माईक घेतला आणि आजीलाच विचारलं, मग कोंबड्या न्यायच्या कशा? आजीने बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. डालगं, म्हणजे कोंबड्यांची टोपली, कसं बांधायचं, वाटेत पाणी कधी दाखवायचं. गोष्टीपेक्षा तेच जास्त वेळ चाललं. पुढच्या गॅदरिंगला ते पान पुन्हा स्टेजवर आलं. अंगण रिकामं होतं आणि शेजारच्या नव्या पानावर, डोक्यावर डालगं घेतलेली एक म्हातारी. आजीने मान डोलावली, पण डालग्याची वीण चुकलीय हेही सांगितलंच.

मला विचाराल तर त्या पुस्तकांचं खरं संपादन मंडपातच व्हायचं.

एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी भाषणात जाहीर करून टाकलं की ही पुस्तकं छापलीच पाहिजेत, खर्चाचं आपण बघू. टाळ्या पडल्या. आभार मानायला उठलेल्या बाई म्हणाल्या, "छापा की! पण पुढच्या वर्षी आज्यांनी चुका काढल्या तर खोडू कुठे?"

पाहुणे हसले आणि पुढच्या वर्षी स्वतःच मागच्या रांगेत येऊन बसले, चुका काढायला.