अवकाशयान मोडीत काढताना

‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’ या संगणकीय खेळात युद्ध नाही. समोर तरंगत असते ते जुने, टाकून दिलेले अवकाशयान. ते सुटे करायचे आणि प्रत्येक भाग जागच्या जागी पोहोचवायचा. कॅनडातील ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो तयार केला असून २०२२ च्या मे महिन्यात तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. मुंबईत राहून तो खेळताना मला रे रोडचा दारूखाना हा जहाजतोडणीचा परिसर सतत आठवत होता, कारण २०१४ मध्ये आपली पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ तिथेच मोडीत निघाली.

मॅकरेल वर्गातील एक यान मी शेवटपर्यंत सोडवले, आणि या कामाची गोडी त्याच्या क्रमात आहे हे तेव्हा उमगले. आत हवेचा दाब असताना भिंतीला भोक पडले, तर हवा प्रचंड वेगाने बाहेर झेपावते आणि खुर्च्यांपासून काचांपर्यंत सारे भिरकावून देते. म्हणून प्रथम आत शिरून एकेका खोलीची हवा काढून घेतली. इंधनाच्या नळ्या रिकाम्या केल्यावरच इंजिनाकडे वळलो. प्रत्यक्ष जहाजातही टाक्यांमध्ये ज्वालाग्राही वायू नाही याची खात्री झाल्याशिवाय गॅस कटर पेटवायचा नसतो, आणि या नियमाचे मोल दारूखान्यातल्या कामगाराइतके कोणाला ठाऊक असणार!

खरी कसोटी अणुभट्टीची. ती जागेवरून सुटली की तिचा तोल बिघडू लागतो आणि थोड्याच वेळात स्फोट होतो. त्यामुळे तिला हात लावण्याआधीच मागच्या बाजूचे पत्रे उतरवून मी बाहेरची वाट मोकळी केली होती. पिवळसर चमकणारे जोड लेझरने एकेक करून वितळवले, अणुभट्टी सोडवली आणि तिला ओढदोर लावून, धडधाकट भाग जिथे गोळा होतात त्या खालच्या तराफ्याकडे सोडले. वजन नसले तरी वस्तुमान असतेच. एकदा वेग घेतलेली ती जड वस्तू सहजी थांबत नाही, म्हणून दोराची दिशा आधीच अचूक धरावी लागते. ती तराफ्यावर टेकली तेव्हा झालेला आनंद मला अन्य कोणत्याही खेळाने दिलेला नाही.

पुढचे काम शांतपणे चालले. नॅनोकार्बनचे पत्रे प्रक्रिया यंत्राकडे, ॲल्युमिनियमचा सांगाडा भट्टीत, धडधाकट यंत्रे तराफ्यावर. खेळातील कामगार एक अब्जाहून अधिक कर्ज डोक्यावर घेऊन कामाला लागतो, आणि कथा पुढे सरकते तशी युनियन बांधण्याची धडपड सुरू होते. गिरणगावाचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा भाग परका वाटणार नाही.

एरवी पाळी पंधरा मिनिटांची असते, पण वेळेचे बंधन नसलेला पर्यायही आहे. नव्याने खेळणाऱ्यांनी तोच निवडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यानाचा एकेक जोड निरखायला त्यात सवड मिळते.